आईबाबांना घेऊन वॉशिंग्टनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम बघायचंय? मग असं करा

आईबाबा भारतातून आले की वॉशिंग्टन डीसीची ट्रिप ठरलेलीच, आणि स्मिथसोनियन या संस्थेचं हे म्युझियम बहुतेक जण शेवटी ठेवतात, पाय पार गळाल्यावर. प्लीज असं करू नका, याला अख्खी सकाळ द्या.

तिकीट नाही, बुकिंग नाही, 25 डिसेंबर सोडला तर रोज 10 ते 5:30 उघडं असतं. मेट्रोने फेडरल ट्रँगल किंवा स्मिथसोनियन स्टेशनला उतरा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. दारात बॅगा चेक होतात म्हणून सामान कमीच घ्या. कोणाचे गुडघे दुखत असतील तर सिक्युरिटी डेस्कवर व्हीलचेअर मागा, फुकट मिळते, पण आधी येईल त्याला, त्यामुळे 10 ला दारात हजर राहिलेलं बरं.

नॅशनल मॉलच्या, म्हणजे समोरच्या मोठ्या मैदानाच्या बाजूने आत शिरलं की समोरच मोठा आफ्रिकन हत्ती दिसतो. फोटो नंतर काढा, आधी थेट वरच्या मजल्यावर होप डायमंडकडे सुटा, कारण नंतर तिथे मुंगी शिरणार नाही. 45.52 कॅरेटचा हा निळा हिरा आपल्या गोवळकोंड्याकडच्या कोल्लूर खाणीतला मानतात, 1668 मध्ये तो फ्रान्सच्या राजाला विकला गेला, 1792 मध्ये चोरीला गेला, पुढे नव्याने पैलू पाडलेला असा लंडनला उगवला, आणि 1958 मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने म्युझियमला दिला तेव्हा चक्क रजिस्टर्ड पोस्टाने आला! काचेच्या पेटीत तो हळूहळू फिरत असतो, एक फेरी तरी पूर्ण बघा. निळा रंग आतल्या किंचितशा बोरॉनमुळे.

तिथून लगेच निघू नका, पुढे खनिजं आणि उल्का आहेत आणि माझ्या मते मराठी माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. लोणारचं सरोवर उल्केच्या धडकेने झालंय याचा भक्कम पुरावा देणारा 1973 चा शोधनिबंध याच संस्थेच्या कर्ट फ्रेड्रिक्सन यांनी भारतीय शास्त्रज्ञांबरोबर लिहिला. तिथल्या बेसॉल्टमधल्या, म्हणजे काळ्या दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची धडकेच्या धक्क्याने काच झालेली त्यांना सापडली. हे आईबाबांना उल्केसमोर उभं करून सांगा, बघा कसे रमतात ते. खनिजांच्या लेबलांवर इंडिया लिहिलेलं पण शोधत राहा, पुणे-जळगावकडची झिओलाइट्स नावाची खनिजं जगभरच्या म्युझियम्समध्ये गेलीयेत.

मग खाली डायनासोर. हा हॉल 2019 मध्ये नव्याने उघडला, त्यात मांसाहारी टी रेक्स शिंगवाल्या ट्रायसेराटॉप्सचं मुंडकं धरून उभा आहे. पोरं सोबत असतील तर त्यांना सांगा की डायनासोर संपले त्या साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या काळातच आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्हा म्हणून वाहत होता. इथेच काचेपलीकडे माणसं फॉसिल साफ करताना दिसतात, तिथे थोडं थांबाच.

एवढ्यात भूक लागतेच. अंगात जीव उरला असेल तर जेवून ओशन हॉलमधला 45 फुटी व्हेल बघा, नाहीतर राहू दे. फुकट आहे, दुसऱ्या दिवशी परत जाता येतं.