लिव्हर ग्रिपला टेकतोय? आधी नीट दाबून बघा

डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागला की लोक लगेच पाना घेऊन ब्रेक ऑइलमधली हवा काढायला बसतात. मी आधी गाडी स्टँडवर लावून नुसता लिव्हर दाबून बघतो. निम्मा बिघाड बोटांनाच कळतो.

भराभर तीन-चारदा दाबल्यावर लिव्हर वर येऊन कडक झाला, पण थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडला, तर बहुतेक वेळा आत हवा असते. दाबून धरल्यावर तो हळूहळू ग्रिपकडे सरकत राहिला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (लिव्हरपाशी ऑइल ढकलणारा पंप) सील गेलंय. मग दिवसभर हवा काढलीत तरी फरक पडणार नाही, सील किट बदलावंच लागेल. तिसरा प्रकार फसवा: चाल लांब, पण शेवटी लिव्हर दगडासारखा घट्ट. तिथे चाक उचलून फिरवा. डिस्क लचकत असेल तर ती पॅडना मागे ढकलते आणि ते अंतर भरण्यातच लिव्हरची चाल जाते. सरकत्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना कोरड्या पडल्या असतील तर त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

आता हवा काढण्याबद्दल. टाकीवर ओलं फडकं टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. ऑइल मास्टर सिलिंडरवरच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. डॉट म्हणजे ऑइलची प्रत: डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही. बाटली ताजी फोडलेली हवी, हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापल्यावर अचानक मऊ होतात ते बरेचदा यामुळेच. दर दोन वर्षांनी बदलणं म्हणूनच बरं.

निपलला (कॅलिपरवरचा हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. लिव्हर दाबा, दाबूनच धरा, निपल पाव फेरा सैल करा, लिव्हर टेकला की निपल आवळा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की बाहेरची हवा आत ओढली जाते. मधूनमधून वरच्या डबीत ऑइल घालत राहा. डबी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

एवढं करूनही मऊपणा राहिला तर संशय वरच्या टोकावर घ्या. हवा वर चढते आणि मास्टर सिलिंडरला पाइप जोडणाऱ्या बोल्टपाशी अडकून बसते, खालून कितीही ऑइल काढलं तरी हलत नाही. हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यांत उंच येईल. पाइपवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा आणि लिव्हर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, अगदी सावकाश, दाबत-सोडत राहा. डबीच्या तळाच्या बारीक छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतात. ते थांबेपर्यंत घाई नको. (मला हा भाग मनापासून आवडतो.) मग लिव्हर रात्रभर ग्रिपला बांधून ठेवला तर उरलीसुरली हवा बऱ्याचदा वर सरकते आणि सकाळी सोडताच निघून जाते.

कॅलिपर बदललेला असेल तर निपल वरच्या बाजूला आहे ना, तेही बघा. खाली असेल तर हवा निघणारच नाही. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर काही गाड्यांना स्कॅनर जोडून पंप फिरवावा लागतो. ते काम वर्कशॉपवर सोडा.

सांडलेलं ऑइल भरपूर पाण्याने धुवा. लिव्हर करकचून दाबून प्रत्येक जोड कोरडा आहे का बघा, गाडी ढकलत ब्रेक लावून पाहा, मगच रस्त्यावर काढा. निपलची रबरी टोपीही आठवणीने बसवा, नाहीतर आत गंज धरतो आणि पुढच्या वेळी पाना लावताच निपल तुटून हातात येतं.