बाजाराच्या वारी लेकराच्या हातात पैसे

खाऊचे पैसे महिन्याला देऊ नका, आठवड्याला द्या. सात-आठ वर्षांच्या लेकराला महिना उमगत नाही, गावचा आठवडी बाजार मात्र पक्का ठाऊक असतो. तोच वार धरा.

आधी आठ दिवस काही न बोलता टिपून ठेवा: लेकरू कशाला किती मागतं. बेरीज ४० आली तर ४०च द्या. सुरुवातीलाच काटछाट केली की त्याला ती शिक्षा वाटते. वही, पेन, रिफिल आई-बापाकडं. कुरकुरे, गोळा, भोवरा, मित्राचा वाढदिवस त्याच्याकडं. ही वाटणी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नाहीतर रिफिलच्या नावाखाली चॉकलेट येतं.

पैसे सुटे द्या: दहाच्या २ नोटा, पाचची ४ नाणी. दहाचं नाणं कायद्यानं चालतं, तरी आपल्याकडं काही दुकानदार नाक मुरडतात. तो वाद लेकराच्या गळ्यात नको.

मातीचा गल्ला इथं कामाचा नाही. त्यात टाकलेले पैसे दिसत नाहीत आणि मोडायला गल्लाच फोडावा लागतो. त्यापेक्षा दोन पारदर्शक बरण्या घ्या, एक खर्चाची, एक जत्रेची. दसऱ्यापासून आठवड्याला १० रुपये बाजूला पडले, तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या, मार्गशीर्षाच्या शेवटी भरणाऱ्या यात्रेपर्यंत १०० ते ११० जमतात. पाळण्यात दोनदा बसायचं की बैलगाडीचं खेळणं घ्यायचं, हे तिथं त्यालाच ठरवू द्या. खेळणं संध्याकाळपर्यंत मोडलं तरी नवं घेऊन देऊ नका.

बिघडतं ते बहुतेक किराणा दुकानात. "पप्पांच्या खात्यावर मांडा" म्हटलं की खाऊचं पाकीट हातात येतं आणि बरणी जागेवर राहते. दुकानदाराला स्पष्ट सांगा: लेकराला उधारी नाही. दुसरी गळती आजीची. बाजाराच्या आधीच पैसे संपले की ती पदराच्या गाठीतून गुपचूप दहा काढते. तिला आधीच विश्वासात घ्या, तिचे दहा बाजाराच्याच दिवशी पडू द्यात.

पाहुणे निघताना हातावर ठेवतात ती नोट वेगळी. "दे, ठेवते" म्हणून घेतलेली नोट किराण्यात गेली, तर लेकरू ते विसरत नाही. १०० आले तर २० बरणीत, ८० त्याच्यासमोर खात्यात. वयाची १० वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं निघतं. उघडायला ५०० रुपये लागतात.

पेरणीच्या तोंडावर घरातच ओढाताण असेल, तर त्या बाजारी सरळ ४० चे ३० करा आणि कारण सांगा. बरणीतून उसने घेऊ नका. घेतलेच तर वहीवर मांडा आणि सोयाबीनचे पैसे आले की आधी तेच फेडा.

सलग चार बाजार पैसे पुरले, तर एकदम ८० देऊन पंधरवड्यावर जा. पहिल्या खेपेला ते आठ दिवसांतच उडतील. तेव्हा परत आठवड्यावर या आणि महिन्यानं पुन्हा करून बघा.