मेंढ्या आणि राजहंस एकत्र पाळायचे असतील तर
आठ-दहा मेंढ्या आणि चार राजहंस एकाच वाडग्यात आरामात राहतात, दोघंही गवत खाणारे, फक्त मेंढ्या आधी सोडायच्या म्हणजे उंच गवत खाली येतं आणि मग राजहंस कोवळं बारीक गवत खुडतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाद्य. कोंबड्यांचं किंवा बदकांचं तयार फीड मेंढीच्या तोंडाला अजिबात लागू देऊ नका, त्यात तांबं मेंढीला झेपणार नाही इतकं असू शकतं, ते लिव्हरमध्ये साठत जातं आणि बाहेरून मेंढी धडधाकट दिसते, मग एक दिवस लघवी लालसर-काळपट होते, डोळे पिवळे पडतात आणि तोवर उशीर झालेला असतो. शिवाय धान्य एकदम जास्त खाल्लं की पोट फुगतं ते वेगळंच. म्हणून राजहंसांना संध्याकाळी त्यांच्या खुराड्यात घेऊन दार लावूनच खायला घाला, सकाळी सांडलेलं झाडून घ्या. रात्री कुत्री-कोल्ह्यांपासून पण बचाव होतो.

पाणी वेगळंच ठेवा. राजहंस डोकं बुडवून चोच धुतात, टब लगेच घाण होतो आणि आजूबाजूला चिखल, त्यात मेंढ्या उभ्या राहिल्या की खुरं सडतात. मेंढ्यांचं भांडं उंचावर बांधा, राजहंसांचा टब उताराला, लांब.

अंड्यांवर मादी साधारण महिनाभर बसते, तेव्हा नर फार चिडका होतो, लहान कोकरं तिकडे फिरकू देऊ नका. पिल्लंही मोठी होईपर्यंत जाळीतच, खुराखाली सापडतात बिचारी.

मेंढ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांत पसरणारा विषाणूचा रोग) आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याचा रोग) लस द्यायची, तारखा सरकारी दवाखान्यात विचारून घ्या.