घरांचे भाव उतरले तरी घरपट्टी का उतरत नाही, आणि पुण्यात हरकत नेमकी कशावर घ्यायची

बाजार मंदावला की महापालिकेच्या करआकारणी विभागात एक ठरावीक अर्ज यायला लागतो : ‘आमच्या भागात फ्लॅटचे दर पडले आहेत, तरी मिळकत कर कमी करावा.’ हा अर्ज फेटाळला जाणार हे ठरलेलंच असतं, आणि त्यात अन्याय काही नाही. पुण्यात घरपट्टी घराच्या किमतीवर लागतच नाही. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे, तिथे रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांचा, संबंध येतो. पुण्यात आजही कर लागतो तो घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी किती भाडं येईल, या हिशोबावर. (मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या करमाफीचा दाखलाही इथे देऊ नका, ती पुण्याला लागू नाही.)

त्यामुळे भाव पडल्याचं कारण बाजूला ठेवा आणि बिलातली चूक शोधा. ती सापडली तर बाजार तेजीत असो की मंदीत, कर कमी होतो.

आधी हिशोब समजून घ्या

क्षेत्रफळ गुणिले दरमहा प्रति चौरस फूट भाडेदर, गुणिले 12. यातून घरमालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत, आणि दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट. उरते ती वार्षिक करपात्र रक्कम. बिलातले बहुतेक कर याच रकमेच्या टक्केवारीत असतात.

समजण्यापुरता 2 रुपये दर धरू, तुमच्या इमारतीचा दर वेगळा असेल. 650 चौरस फुटांचा फ्लॅट : वर्षाचं भाडं 15,600. 40 टक्के गेले, उरले 9,360. त्यातून 10 टक्के गेले, उरले 8,424. आता चुकून क्षेत्र 780 लागलं, तर रक्कम 10,109 च्या घरात जाते, म्हणजे 20 टक्के वाढ. पण क्षेत्र बरोबर असून 40 टक्के सवलतच लागली नसेल, तर रक्कम होते 14,040. कर थेट 66 टक्क्यांहून जास्त वाढला! म्हणून टेप घेऊन खोल्या मोजण्याआधी सवलत तपासा.

40 टक्के सवलत

ही सवलत 1970 पासूनची. लेखापरीक्षणाच्या आक्षेपानंतर ती काढली गेली आणि 2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने परत आली. मधल्या काळात ज्यांची नवी आकारणी झाली, त्यातल्या अनेकांना ती आपोआप लागली नाही. त्यासाठी पीटी-3 अर्ज भरून द्यावा लागतो, शुल्क 25 रुपये. सोबत तुम्ही स्वतः तिथे राहता असं सोसायटीचं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा रेशन कार्ड यांपैकी त्याच पत्त्याचा पुरावा. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिचं बिलही जोडा.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. बिलावर अजून बिल्डरचं नाव, सोसायटीच्या पत्रावर तुमचं, मतदार ओळखपत्रावर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता, असं त्रांगडं असेल तर आधी नावनोंदणी करून घ्या. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सवलत मिळत नाही. तपासणीला माणूस आल्यावर भाडेकरूने दार उघडलं, की विषय तिथेच मिटतो.

आकारणीचा उतारा काढा

बिलावर सगळं दिसत नाही. आपल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या मिळकत कर विभागाकडून आकारणीचा उतारा मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. उताऱ्यावर पाहायच्या गोष्टी म्हणजे क्षेत्र, दर, वापर निवासी की बिगरनिवासी, आकारणी कोणत्या तारखेपासून, आणि अनधिकृत बांधकामाचा शिक्का.

क्षेत्राची चूक सगळ्यात जास्त आढळते. नोंदणीकृत करारनाम्यात मागे परिशिष्ट असतं, त्यात कारपेट क्षेत्र (भिंतींच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं) चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. 60.4 चौरस मीटर गुणिले 10.764 म्हणजे साधारण 650 चौरस फूट. पण त्याच करारनाम्यात किंवा जाहिरातीत ‘सेलेबल’ (बिल्डर विकताना सांगतो ते वाढीव क्षेत्र) 880 लिहिलेलं असतं, आणि कधी कधी तेच नोंदीत जातं. उताऱ्यावरचं क्षेत्र कारपेट आहे की बिल्टअप (भिंती धरून), हे लेखी विचारा. मग मंजूर नकाशा, भोगवटापत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला) आणि करारनामा तिन्ही शेजारी ठेवून पडताळा. बाल्कनी, गच्ची आणि पार्किंग कुठे धरलंय तेही बघा.

तारीखही महत्त्वाची. भोगवटापत्र किंवा प्रत्यक्ष ताबा यांच्या आधीपासून आकारणी लागली असेल तर तेवढी थकबाकी तुमची नाही. आणि पूर्वी क्लास चालायचा, आता बंद पडून दोन वर्षं झाली, पण बिल बिगरनिवासीच येतंय, हेही नेहमीचं. वीजबिल घरगुती दरात आलेलं असेल तर त्याच्या प्रती जोडा.

भाड्याचा मुद्दा काढावा का?

कायद्यात शब्द आहेत ‘वाजवी अपेक्षित भाडं’, त्यामुळे परिसरातली भाडी उतरली असतील तर तो मुद्दा तत्त्वतः काढता येतो. पण जपून. जुन्या इमारतींचे पालिकेचे दर बाजारातल्या भाड्याच्या कितीतरी खाली असतात. तिथे तुम्ही शेजारच्या फ्लॅटचे भाडेकरार पुढे केलेत, तर स्वतःच सिद्ध कराल की तुमचा दर कमी आहे.

त्यापेक्षा तुलना करा शेजाऱ्यांच्या बिलांशी. त्याच इमारतीतला, तेवढ्याच क्षेत्राचा, स्वतः राहणाऱ्या मालकाचा फ्लॅट घ्या. आकारणीचं वर्षही तेच असलं पाहिजे, कारण नंतर आकारणी झालेल्या घराला वेगळा दर लागलेला असू शकतो. तीन-चार बिलं पुरे.

हरकत

नवीन आकारणी किंवा वाढीची विशेष नोटीस आली की 15 दिवस मोजायला लागा, नोटीस हातात पडल्यापासून. पाकीट फेकू नका, त्यावर तारीख असते. अर्ज आयुक्तांच्या नावे, क्षेत्रीय कार्यालयात किंवा मुख्य भवनात द्या. भाषा सरळ ठेवा :

‘मिळकत क्रमांक अमुक. नोटीस दिनांक तमुक, मिळाल्याचा दिनांक अमुक. नोटिशीतील क्षेत्र 780 चौ. फूट मला मान्य नाही. नोंदणीकृत करारनाम्यानुसार ते 60.4 चौ. मी. आहे. स्थळपाहणी करून क्षेत्र दुरुस्त करावे व वार्षिक करपात्र रक्कम त्यानुसार ठरवावी. सुनावणीची तारीख लेखी कळवावी.’

एका अर्जात एकच मिळकत, आणि प्रत्येक मुद्द्याला एक कागद. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. साहेब ‘बघतो’ म्हणाले, ही पोच नव्हे. स्थळपाहणीला घरात स्वतः हजर राहा आणि निरीक्षकाने लिहिलेली मापं तिथेच टिपून घ्या.

मुदत गेली असेल तरी क्षेत्र किंवा वापराच्या उघड चुकीसाठी दुरुस्तीचा अर्ज देता येतो. फक्त तेव्हा मागच्या वर्षांचे पैसे परत मागणं अवघड जातं.

दरम्यान बिल थांबवू नका. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि ती हरकतीसाठी थांबत नाही. पैसे भरा आणि त्याच दिवशी ‘हरकतीस अधीन राहून भरणा केला’ असं पत्र द्या.

आदेश विरोधात गेला तर

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली अपील करता येतं. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात जातं. अटी तीन : आधी आयुक्तांकडे हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला हवा, अपील 15 दिवसांत हवं, आणि वादग्रस्त कर पालिकेकडे भरलेला हवा. तिसऱ्या अटीवर बहुतेक जण अडखळतात. वर्षाला दीड-दोन हजारांच्या फरकासाठी वकिलाची फी परवडत नाही, पण दुकान, बंगला किंवा अनधिकृत बांधकामाची शास्ती यात फरक मोठा असतो, तिथे जरूर जा.

हरकत मान्य झाली तर लेखी आदेशाची प्रत घ्या. पुढच्या एप्रिलचं बिल आलं की त्यातली करपात्र रक्कम आदेशाशी ताडून पाहा. जास्तीचे पैसे रोखीत मिळण्याऐवजी पुढच्या बिलांत वळते होऊ शकतात, म्हणून भरलेल्या पावत्या तोवर सांभाळा.