बूस्ट वाढवलेल्या टर्बो इंजिनात हेड गॅस्केट गेले आहे का, हे कसे ओळखावे
बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवलेल्या सुबारू ईजे25 टर्बोसारख्या इंजिनात हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) सुरुवातीला अनेकदा जोर दिल्यावरच गळते. सिलिंडरमधला दाब हेडला किंचित उचलतो, जळालेला वायू कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) शिरतो आणि गाडी उभी असताना मात्र सारे ठीक दिसते. त्यामुळे कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी चाचणी) चांगली आली म्हणून निश्चिंत राहू नये. चढावर जोर दिल्यानंतर ओव्हरफ्लो बाटलीत बुडबुडे येत असतील, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण काढावे, इंजिन चालू करून ब्लॉक टेस्टर (कूलंटमध्ये जळालेला वायू आहे का, हे द्रवाच्या रंगावरून दाखवणारे उपकरण) लावावा; निळा द्रव पिवळा पडला की निदान जवळजवळ पक्के होते. नेमका सिलिंडर लीक-डाउन टेस्टने (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती मोजण्याच्या चाचणीने) सापडतो. केवळ पांढऱ्या धुरावरून हेड उघडू नये, कारण पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोचे आवरण तडकले तरी तसाच धूर येतो.