ऑक्टोबरच्या उन्हात देवदारवर्गीय शोभेच्या झाडांची निगा : पाणी वाढवण्याआधी मुळे तपासावीत

हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरून ऊन तापू लागले की पुणे परिसरातील बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या आणि फार्महाऊसच्या बागांमध्ये मोरपंखी, ज्युनिपर, सायप्रस ही झाडे अचानक तांबूस पडू लागतात. पावसाळाभर हिरवेगार दिसणारे झाड दोन-तीन आठवड्यांत वाळते आणि ते उन्हाने करपले असे समजून बहुतेक जण त्याचे पाणी वाढवतात. तसे करू नये, हीच या सल्ल्यातील मुख्य सूचना आहे. ऑक्टोबरमध्ये वाळणारे झाड बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच मुळाशी गुदमरलेले असते आणि जास्तीच्या पाण्याने त्याची उरलेली मुळेही कुजून जातात.

देवदार, मोरपंखी, ज्युनिपर या सूचिपर्णी वर्गातील झाडांची पाने सुईसारखी किंवा खवल्यांसारखी असतात आणि त्यांच्यावर मेणाचा जाड थर असतो. त्यामुळे पानांतून पाणी फार सावकाश उडते. जास्वंद किंवा गुलाब यांची मुळे बिघडली तर पाने त्याच आठवड्यात माना टाकतात, पण मोरपंखीची मुळे मेल्यानंतरही फांद्या कित्येक आठवडे हिरव्या राहतात. पावसाळ्यातील ढगाळ, दमट हवेत झाडाला पाण्याची गरजही कमी असते, म्हणून आतील बिघाड बाहेर दिसत नाही. आकाश मोकळे होऊन दुपारचे तापमान बत्तीस-तेहतीस अंशांवर गेले, की पानांची मागणी वाढते आणि ती भागवायला खाली मुळेच उरलेली नसतात. हवेली तालुक्याच्या पूर्व भागातील भारी काळ्या जमिनीत हा प्रकार अधिक आढळतो. अशा जमिनीत दोन फुटांचा खड्डा घेऊन तो पोयटा माती आणि शेणखताने भरला, तर पावसाचे पाणी भोवतालच्या चिकण मातीतून बाहेर पडत नाही, खड्ड्यातच साचून राहते आणि झाड महिना-दीड महिना चिखलात उभे असते. मुरमाच्या जमिनीतही खाली पक्का खडक असेल तर हेच घडते.

तपासणी सोपी आहे आणि ती प्रत्येक संशयास्पद झाडाची करावी. बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने चार ते सहा इंच खोल माती उकरून बोटाएवढ्या जाडीपेक्षा बारीक अशी दोन-तीन मुळे बाहेर काढावीत. निरोगी मूळ आतून पांढरट व ताठ असते आणि मोडले तर कट्कन मोडते. कुजलेले मूळ करडे किंवा काळपट असते. ते चिमटीत धरून ओढले तर वरची साल म्यानासारखी सुटून हातात येते आणि आत फक्त दोऱ्यासारखा गाभा उरतो. मातीला नासका, आंबूस वास येत असेल तर शंका उरत नाही. त्यानंतर बुंध्याच्या तळाशी नखाने साल किंचित खरवडावी. साल खाली हिरवट-पांढरी व ओलसर असेल तर झाड वाचवण्याजोगे आहे. तळाशी सभोवार तपकिरी असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

केवळ आतल्या बाजूची, बुंध्याजवळची जुनी पाने पिवळी-तपकिरी होऊन गळत असतील आणि शेंडे व बाहेरचा घेर हिरवा असेल, तर काळजीचे कारण नाही. सूचिपर्णी झाडे सदाहरित असली तरी जुनी पाने टप्प्याटप्प्याने टाकतातच. ती हाताने झटकून काढावीत, म्हणजे आत हवा खेळते.

मुळे अर्धवट कुजलेली आढळल्यास प्रथम पाणी पूर्ण बंद करावे. आळे मोडून माती बुंध्यापासून बाहेर ओढावी आणि उताराच्या दिशेने चर काढून साचलेल्या पाण्याला वाट करून द्यावी. बुंध्यावर चढलेली माती किंवा कचरा दूर करून मुळे जिथून फाकतात तो भाग उघडा करावा. रोप पिशवीत होते त्यापेक्षा खोल लावलेले असणे, हे मला अशा मरतुकीमागचे सर्वात दुर्लक्षित कारण वाटते. त्यानंतर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचे संयुक्त बुरशीनाशक २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून मुळांच्या कक्षेत ओतावे. वेष्टनावरील सूचना आधी वाचाव्यात, हातमोजे वापरावेत आणि माती ओली असताना द्रावण ओतू नये, कारण त्याने पुन्हा पाणीच वाढते. पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा (मुळे कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळलेले शेणखत द्यावे. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ते सावलीत ओलसर ठेवून दहा-पंधरा दिवस मुरू द्यावे आणि नंतर प्रत्येक झाडाला दोन-तीन किलो घालावे. बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी दिल्यास दुसऱ्याचा उपयोग होत नाही. या काळात युरिया किंवा कोणतेही नत्रयुक्त खत देऊ नये. दुबळ्या मुळांवर नव्या कोवळ्या फुटीचा भार पडला की झाड हमखास बसते.

ज्यांची मुळे निरोगी आहेत, त्या झाडांना पाणी लागतेच. पण ते वाफसा पाहून द्यावे, वार पाहून नव्हे. चार इंच खोलीवरील माती मुठीत दाबावी. लाडू वळून तो बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे आणि पाण्याची घाई नाही. लाडू वळतच नसेल तर पाणी द्यावे. तळहात ओला झाला तर आठवडाभर पाण्याकडे पाहूही नये. हलक्या जमिनीत चार-पाच फुटांच्या झाडाला या दिवसांत आठवड्यातून एकदा साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी पुरते, थंडी पडल्यावर हे अंतर आणखी वाढवता येते. ठिबकचे ड्रीपर बुंध्याला टेकवून ठेवू नयेत, फांद्यांच्या घेराच्या कडेखाली न्यावेत. हिरवळीवर लावलेल्या झाडांची अडचण वेगळी आहे: लॉनला रोज पाणी लागते आणि तेच पाणी ज्युनिपरला मारते. अशा ठिकाणी झाडाभोवती निदान दीड फूट त्रिज्येचे गवत काढून तेथे वाळका पाला पसरावा आणि स्प्रिंकलरचा फवारा त्या बाजूला वळणार नाही असे पाहावे. आच्छादनही बुंध्यापासून चार बोटे दूर असावे, अन्यथा त्याच्या आडून वाळवी चढते.

लाल कोळी ही ऑक्टोबरपासून डोके वर काढणारी दुसरी बाब. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की तो झपाट्याने वाढतो. पानांचा हिरवा रंग आधी फिका, धुरकट होतो, मग त्यावर बारीक पिवळे ठिपके दिसतात आणि फांद्यांच्या बेचक्यांत तलम जाळी धरते. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी दोनदा झटकावी आणि कागद उन्हात न्यावा; धुळीच्या कणांसारखे ठिपके चालू लागले तर तो कोळीच होय. प्रादुर्भाव थोडा असेल तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुणे, हे आठवड्याच्या अंतराने तीन वेळा केल्यास पुरेसे ठरते. रस्त्याकडेच्या झाडांवर धूळ बसून कोळी अधिक वाढतो, म्हणून तेथे ही धुलाई नियमाने करावी. त्यापुढे गेल्यास पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रति लिटर या प्रमाणात संध्याकाळी फवारावे. दुपारी किंवा कडक उन्हात गंधक फवारल्यास पाने करपतात. निळसर छटेच्या ज्युनिपरवर मात्र निंबतेल किंवा कोणतेही तेल फवारू नये. त्या पानांवरील निळी झाक हा मेणाचाच थर असतो आणि तेलाने तो निघून जाऊन झाड साधे हिरवे दिसू लागते.

आता कोणती झाडे लावावीत याबद्दल स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण उरुळी कांचन, मांजरी, हडपसर या पट्ट्यातील रोपवाटिकांत आता दिवाळीच्या तोंडावर खरेदी वाढते आणि दिसायला सुंदर ते टिकाऊ असेलच असे नसते. खरा देवदार हा पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवर वाढणारा वृक्ष आहे. त्याला लांब आणि खरी थंडी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, येथील थंडी दोन-अडीच महिन्यांची आणि एप्रिल-मे महिन्यांतील कमाल तापमान चाळिशीला टेकणारे. येथे देवदार काही वर्षे जगवता येतो, पूर्वेकडील सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर बराही दिसतो, पण त्याचा तो झुकत्या फांद्यांचा डौल येथे पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून दहा-वीस रोपे लावू नयेत. हौसेखातर एक लावावा, तेही उंचवट्यावर.

पुण्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत आणि कोरड्या उन्हाळ्यात सर्वात भरवशाची म्हणजे मोरपंखी. ती मूळची चीनकडील असली तरी आपल्याकडे पूर्ण रुळली आहे आणि निचरा चांगला असेल तर बाकी बरेच सोसते. त्याखालोखाल चिनी ज्युनिपर घ्यावा. सोनेरी रंगाचे, लिंबासारखा वास येणारे गोल्डक्रेस्ट सायप्रस हे कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यावरील झाडाचे वाण आहे. डिसेंबरमध्ये ते फार आकर्षक दिसते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बहुधा दगा देते. रोपवाटिकाधारकांनी हे ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याचे तीन झाडांचे पैसे वाया जातात, तो चौथ्या वेळी कोणतेच झाड लावत नाही.

ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरोकेरिया पुण्यात चांगला वाढतो, आणि नेमकी तीच अडचण ठरते. त्याची एक जात मूळ न्यू कॅलेडोनियात साठ मीटरपर्यंत उंच जाते. शिवाय मायदेशाबाहेर लावलेली या जातीची झाडे विषुववृत्ताच्या दिशेला कलतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे आपल्याकडे तो दक्षिणेकडे झुकणार. भिंतीला लागून किंवा विजेच्या तारांखाली तो लावू नये आणि दक्षिणेस मोकळी जागा सोडावी. त्याचा शेंडा कधीही खुडू नये. बाजूच्या फांदीचे कलम करून रोप तयार केले तर तेही आडवेच वाढते, सरळ खोड धरत नाही, म्हणून खरेदी करताना रोप बियांपासूनचे किंवा शेंड्याच्या कलमाचे आहे ना, हे विचारून घ्यावे.

नवीन लागवड मुळशी, पौडकडील अतिपावसाच्या भागात आताच करावी, जून-जुलैत नव्हे. चित्रा नक्षत्राचा पाऊस संपून रात्री गार होऊ लागल्या की माती अजून उबदार आणि हवा निवळलेली असते, तो काळ मुळे धरण्यास अनुकूल असतो. पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात, जेथे पाण्याची खात्री नाही तेथे, जूनअखेरची लागवड चालते. भारी जमिनीत खड्डा घेण्याऐवजी एक ते दीड फूट उंचीचा, चार फूट रुंद गादीवाफा करावा. त्यात निम्मी तांबडी माती, पाव भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि पाव भाग कुजलेले शेणखत मिसळून त्यावर रोप बसवावे. पिशवी फाडल्यावर मुळांचा गोळा नीट पाहावा. तळाशी गोल-गोल गुंडाळलेली मुळे असतील तर ती बोटांनी मोकळी करावीत, जाड असतील तर धारदार चाकूने दोन-तीन ठिकाणी चिरावीत. तशीच लावल्यास ती पुढे बुंध्यालाच फास बसवतात. रोपाला नायलॉनची दोरी बांधून आलेली असते, ती त्याच दिवशी कापावी.

छाटणीबाबत एकच नियम कटाक्षाने पाळावा: कात्री हिरव्या भागाच्या आतच थांबली पाहिजे. मोरपंखी, ज्युनिपर किंवा सायप्रसच्या ज्या जुन्या फांदीवर पान उरलेले नाही, तिथून पुन्हा फूट येत नाही. मेंदी किंवा डुरांटाच्या कुंपणाची सवय असलेले माळी खोलवर कापतात आणि झाडात कायमची भगदाडे पडतात. ऑक्टोबरच्या उन्हात छाटणी टाळून ती नोव्हेंबरच्या मध्यानंतर, हलक्या हाताने करावी. मोठ्या वृक्षाची फांदी किंवा पूर्ण झाड, वाळलेले असले तरी, महापालिका हद्दीत तोडायचे असल्यास महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते.

बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या बागांत नवे शेंडे पिवळे आणि जुनी पाने हिरवी असे दिसले, तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीच्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग होत नाही, लोह अडकून पडते; त्याऐवजी चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी वेष्टनावरील प्रमाणाने संध्याकाळी करावी आणि शक्य तेथे साठवलेले पावसाचे पाणी या झाडांसाठी राखून ठेवावे.

कुंडीतील झाडांसाठी वेगळी काळजी लागते. कुंडीखालची ताटली पाण्याने भरलेली राहू देऊ नये, तळाचे भोक काडी घालून मोकळे आहे याची खात्री करावी आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. नाताळसाठी घरात आणलेले झाड आठ-दहा दिवसांपेक्षा अधिक काळ खोलीत ठेवू नये. बाहेर काढताना ते थेट गच्चीच्या उन्हात न नेता आधी आठवडाभर झाडाच्या किंवा शेडनेटच्या सावलीत ठेवावे, आणि फेब्रुवारीच्या शेवटी ५० टक्के सावलीचे हिरवे नेट पश्चिम बाजूने बांधून घ्यावे.