पुण्यातून परदेशी ऑर्डर पाठवताना कराचं कसं करायचं

पुण्यात खोली मिळाली की जीएसटीचा पत्ता आधी सरळ करा. नंबर कोल्हापूरचा किंवा जळगावचा असेल तर नवा काढू नका, महाराष्ट्रभर तोच चालतो. पोर्टलवर पत्त्याची दुरुस्ती टाका. बेळगाव-इंदूरहून धंदा इथे हलवलेल्यांना मात्र २७ने सुरू होणारा वेगळा नंबर लागतो. भाडेकरार, महावितरणचं बिल आणि घरमालकाचं संमतिपत्र तयार ठेवा. संमतिपत्र म्हटलं की पेठेतले मालक कुरकुरतात, म्हणून भाडं ठरतानाच विषय काढा.

"आपली उलाढाल ४० लाखांच्या आत, नोंदणी कशाला?" असं म्हणणारे बरेच भेटतील. निर्यात ही कायद्याने आंतरराज्य विक्री धरली जाते आणि मालाच्या आंतरराज्य विक्रीला ही सूट नाही. हस्तकलेच्या काही वस्तूंना वेगळा नियम आहे. तांबट आळीची भांडी विकणार असाल तर सीएला विचारून घ्या. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, डीजीएफटी या केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पुन्हा नोंदवायची, नाहीतर तो बंद पडतो.

निर्यातीवर जीएसटी शून्य असला तरी कर न भरता माल पाठवायला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, लागते; पोर्टलवर त्याचा फॉर्म आरएफडी-११. ती ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलचं पहिलं बिल फाडण्याआधी नवी भरा. बिलापासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. कुरिअरवाला सोपं पडतं म्हणून पार्सल 'गिफ्ट' किंवा 'सॅम्पल' दाखवून सीएसबी-४ या कस्टम्सच्या कुरिअर फॉर्मवर टाकतो. तसं करू देऊ नका, निर्यातीचा पुरावाच हाती राहत नाही. विक्रीचा माल सीएसबी-५वर, आणि टपालाने असेल तर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्टवर.

गिऱ्हाइकाच्या देशाचा कर ही खरी कटकट. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर २० टक्के व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकलं तर ती घेते आणि भरते. स्वतःच्या साइटवरून विकलं तर पहिल्या ऑर्डरपासून तिथली नोंदणी तुमच्या गळ्यात. परदेशी विक्रेत्याला कमी उलाढालीची सूट नाही. युरोपीय संघात १ जुलै २०२१पासून १५० युरोंपर्यंतच्या मालाला आयओएसएस आहे, म्हणजे विक्रीच्या वेळीच व्हॅट घेऊन एकाच नोंदणीवर भरायची सोय, पण भारतातल्या विक्रेत्याला त्यासाठी तिथला मध्यस्थ नेमावा लागतो आणि छोट्या धंद्याला तो परवडत नाही. म्हणून सुरुवातीला स्वतःच्या साइटवर हे दोन्ही भाग बंदच ठेवा.

बाजारपेठेतून विकतानाही एक घोटाळा हमखास होतो. तिने दिलेला आयओएसएस क्रमांक नुसता खोक्यावर लिहून भागत नाही. बुकिंगच्या ऑनलाइन माहितीत तो गेला नाही तर कस्टम्स पुन्हा व्हॅट मागतं, गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि परतीचा खर्च तुमच्यावर येतो. बुकिंगची पावती हातात घेऊन क्रमांक तपासा, मगच काउंटर सोडा.

ऑस्ट्रेलियात वर्षाला ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या विक्रीपर्यंत नोंदणी लागत नाही. अमेरिकेत विक्रीकर राज्याराज्याचा. बहुतेक ठिकाणी १ लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत बाहेरच्या विक्रेत्याला विचारत नाहीत, काही राज्यं ऑर्डरींची संख्याही मोजतात. तिथली सीमाशुल्काची गोष्ट वेगळी. ८०० डॉलरखालची सूट २९ ऑगस्ट २०२५ला गेली आणि दर बदलत राहतात, तेव्हा किंमत लावण्याआधी त्या दिवसाचा दर कुरिअरकडून लेखी घ्या.